चिंतामणराव आणि पन्नास स्क्वेअरची केबल

चिंतामणरावांनी आयुष्यात घरातला उडालेला बल्बसुद्धा कधी एकट्याने बदलला नव्हता. स्टूल धरायला नीलिमाताई लागत, आणि नीलिमाताई एकदा स्टुलापाशी आल्या की ‘उतरा खाली, मीच लावते’ म्हणत. अशा माणसाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शर्यतीच्या गाडीची चार्जिंगची आणि स्टार्टरची सगळी वायरिंग बदलायला घ्यावी, यात कुणाचा दोष असेलच तर तो हिमानीचा. तिने ‘नको’ म्हणायला हवं होतं.

हिमानी ही त्यांची मुलगी. वय एकतीस, नोकरी औषधांच्या कंपनीत आणि छंद गाडी पळवण्याचा. अंबरनाथच्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात एक लाल, बुटकी, दोन दारांची गाडी उभी असे. ती सुरू झाली की दुसऱ्या मजल्यावरच्या रॅकमधले चमचे आपोआप वाजत. हिमानीने ती सेकंडहँड घेतली होती. आधीच्या मालकाने इंजिन जोरदार करून घेतलं होतं आणि वजन मागे जावं म्हणून बॅटरी उचलून डिकीत नेऊन ठेवली होती.

बदलापूरच्या पलीकडे एका मोकळ्या मैदानात महिन्यातून एका रविवारी नारिंगी शंकू मांडून, घड्याळ लावून अशा गाड्या पळवतात. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. हिमानीला मात्र नेहमी एकच फेरी मिळे. पहिली फेरी झाली, गाडी तापली, बंद केली, की पुन्हा सुरू होत नसे. किल्ली फिरवली की फक्त ‘टक्’. अर्धा तास थंड होऊ दिली की बाईसाहेब पुन्हा सुरू होत, पण तोवर नंबर निघून गेलेला असे.

तिथे प्रत्येक ड्रायव्हरबरोबर एक मदतनीस लागतो. नीलिमाताईंना पेट्रोलच्या वासाने मळमळतं, म्हणून ही जबाबदारी चिंतामणरावांकडे आली होती. हेल्मेट धरणे आणि पाण्याची बाटली सांभाळणे हे त्यांचं काम. पण खरं सांगायचं तर ते जायचे त्या अर्ध्या तासासाठी. गाडी थंड होईपर्यंत बापलेक शेजारच्या आसन नावाच्या रानझाडाखाली बसत आणि हिमानी बोलत असे. घरी ती ‘हं’, ‘झालं’ आणि ‘नंतर’ या तीन शब्दांत भागवायची. तिथे मात्र साहेबाने काय केलं, कुठल्या स्थळाला ती कशी नाही म्हणाली आणि ते आईला का सांगायचं नाही, असं सगळं सांगायची. चिंतामणराव ऐकत. त्यांना स्वतःला बोलायला फारसं येत नसे. पण ऐकणं त्यांना उत्तम जमे.

आणि गेल्या महिन्यात, धक्का मारून मारून घामाघूम झाल्यावर हिमानी म्हणाली, ‘‘बस झालं. पुढच्या वेळीही दुसरी फेरी नाही मिळाली ना, तर विकून टाकते. कल्याणचा एक माणूस मागे लागलाय.’’

त्या रात्री चिंतामणरावांना जेवण गेलं नाही, आणि नीलिमाताईंनी त्याचं खापर मैदानाबाहेरच्या वडापाववर फोडलं.

चिंतामणराव चौतीस वर्षं एका कारखान्याच्या तांत्रिक ग्रंथालयात ग्रंथपाल होते. यंत्राला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण यंत्रांबद्दलची पुस्तकं त्यांनी हजारो हाताळली होती. बऱ्याचदा पुसण्यासाठी, कधी कधी वाचण्यासाठी. त्यांनी आठ दिवस वाचन केलं, दोनशे पानी वहीत टिपणं काढली आणि निष्कर्षाला पोचले: रोग इंजिनला पहिला धक्का देणाऱ्या स्टार्टरचा नव्हे, वायरचा आहे. बॅटरी मागे गेली, पण तिच्यापासून पुढच्या स्टार्टरपर्यंत आधीच्या मालकाने वायर टाकली ती बारीक. एवढ्या लांबून येता येता निम्मा जोर वाटेतच संपतो, आणि तापलेल्या स्टार्टरला तर नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. उपाय: सगळीकडे जाड तांब्याची केबल, बॅटरीपाशी एक दणकट फ्यूज, आणि बॅटरीचं व इंजिनचं गाडीच्या सांगाड्याशी नवं, पक्कं अर्थिंग.

हे सगळं त्यांनी हिमानीला जेवताना सांगितलं. शेवटी, ती ‘नको’ म्हणणार या खात्रीने, म्हणाले, ‘‘म्हणजे, वाटलं तर मीच करून बघेन.’’

हिमानीने पानातून मान वर केली. ‘‘वाचलंय ना तुम्ही? मग करा. मी सोमवारपासून पुण्याला आहे, शनिवारी सकाळी येते. रविवारी फेरी.’’

नकाराला सभ्यपणे तोंड द्यायची चिंतामणरावांची पूर्ण तयारी होती. होकाराची अजिबात नव्हती.

‘‘अहो, तुम्ही?’’ नीलिमाताई म्हणाल्या. ‘‘भर रस्त्यात बंद पडणार गाडी. लिहून ठेवा तुमच्या वहीत.’’

सोमवारी ते शेअर रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये गेले. तिथे महेंद्र नावाच्या सिंधी गृहस्थाचं केबलचं दुकान आहे. दुकान पाच फूट रुंद आणि चाळीस फूट लांब, म्हणजे ते स्वतःच एक केबल असल्यासारखं. चिंतामणरावांनी वही उघडून प्रस्तावना सुरू केली. महेंद्रने दुसऱ्या वाक्याला हात वर केला.

‘‘काका, एवढा लेक्चर नको. गाडीला जाड केबल पायजे ना? वेल्डिंगचा केबल घ्या. पन्नास स्क्वेअर, म्हणजे बोटाएवढा जाड. एकदम नरम, सापासारखा वळतो. किती मीटर?’’

‘‘पाच मीटर वीस सेंटिमीटर.’’

‘‘वीस सेंटिमीटर?’’ महेंद्रने आतल्या माणसाला हाक मारली, ‘‘अरे सुन, वीस सेंटिमीटर बोलते हैं!’’ आतला माणूस बाहेर येऊन चिंतामणरावांना बघून गेला.

मोजमाप अचूक होतं. सुतळी बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत ताणून त्यांनी तीनदा मोजलं होतं. केबलच्या दोन्ही टोकांना महेंद्रने तांब्याचे चपटे, भोकाचे कान यंत्राने दाबून बसवून दिले. त्यांना थिंबल म्हणतात, हे चिंतामणरावांना वाचून माहीत होतं. ते इतकं सुंदर असतं हे माहीत नव्हतं. केबलचं वेटोळं खांद्यावर घालून ते रिक्षात बसले, तेव्हा शेजारची बाई अंग चोरून कडेला सरकली.

घरी येऊन लक्षात आलं की सुतळी हवेतून गेली होती. केबलला सीटच्या खालून, गालिच्याखालून, कोपऱ्याकोपऱ्याने जायचं होतं. केबल एक हात कमी पडली.

आता प्रामाणिक माणसाने महेंद्रकडे जाऊन ‘चुकलं’ म्हणायचं. चिंतामणराव प्रामाणिकच होते, पण त्याहून जास्त संकोची होते. मंगळवारी दुकानात उभं राहून ते म्हणाले, ‘‘आणखी एक द्या. जरा लांब. आणि चार छोटे तुकडे. दुसऱ्या गाडीसाठी.’’

महेंद्रच्या चेहऱ्यावरचा भावच बदलला. ‘‘अच्छा! दुसरा गाडी पण आला! कालच बोलायचा ना, काका. गॅरेज कुठे तुमचा?’’

‘‘अंबरनाथला,’’ चिंतामणराव म्हणाले. सोसायटीचं पार्किंग अंबरनाथलाच होतं, त्यामुळे वाक्य तसं खोटं नव्हतं.

‘‘मग धंद्याचा भाव लावतो. चाय घ्या. नाव काय गॅरेजचा?’’

चिंतामणरावांच्या घशात चहा अडकला. खोकल्याच्या आड त्यांनी काहीतरी पुटपुटलं. महेंद्रने ते बिलावर लिहून टाकलं: ‘चिंतामणी मोटर्स’. बिल त्यांनी नीलिमाताईंना दिसू नये म्हणून वहीत घातलं, आणि वही उशाखाली.

बुधवारी गाडीची डिकी उघडली आणि पाच मिनिटांत देवदत्त खाली आला. देवदत्त हा सोसायटीचा सेक्रेटरी. वय बेचाळीस, पण सेक्रेटरीपण साठीचं.

‘‘काका, पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला बंदी आहे. ठराव आहे.’’

‘‘हो का,’’ चिंतामणराव ओशाळून म्हणाले. त्या ठरावावर सूचक म्हणून त्यांचीच सही होती. पाच वर्षांपूर्वी सभेत कुणीच सूचक होईना, तेव्हा देवदत्तने कागद त्यांच्यापुढे सरकवला होता आणि त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं.

‘‘अर्ज द्या. कमिटी बघेल.’’

अर्ज तीन पानी झाला, शेवटी संदर्भग्रंथांच्या यादीसह. कमिटी दुपारी पार्किंगमध्येच भरली, आणि रिकामा वेळ असलेले सगळे सभासद सल्लागार म्हणून हजर राहिले. पहिल्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, बॅटरी दोन दिवस उन्हात ठेवा. तळमजल्यावरच्यांचं म्हणणं, आधी लिंबू-मिरची बदला, ती सुकली आहे, त्यात काय चार्जिंग राहणार. एकाने गाडी विकून इलेक्ट्रिक घ्यायला सांगितलं. दुसऱ्याने लगेच इलेक्ट्रिक गाड्या कशा पेटतात ते सांगितलं, आणि तिथून चर्चेला निराळं वळण लागून देवदत्त दचकला.

‘‘पेटली तर?’’ तो म्हणाला. ‘‘काका, परवानगी देतो. पण अकरा ते चार या वेळेत आणि शेजारी वाळूने भरलेली बादली पाहिजे.’’

बादली घरात होती. वाळू नव्हती. अंबरनाथमध्ये इतकी बांधकामं चालू असताना एक बादली वाळू मिळायला काय हरकत होती? पण बांधकामावरचा रखवालदार म्हणाला, साहेबाला विचारा. साहेब म्हणाला, तुम्ही कोण. आणि चिंतामणरावांना तो प्रश्न इतका खोल वाटला की ते परत आले. शेवटी वाळू आणली बुवापाड्याच्या कोंडाजीने. कोंडाजी सोसायटीला टँकरने पाणी देतो. घरची शेती गेली, ट्रॅक्टर राहिला. त्याच ट्रॅक्टरला त्याने टाकी जोडली.

‘‘काका, तू गाडी खोलतंस?’’ बादली ठेवत त्याने कौतुकाने विचारलं. ‘‘आमाला बोलवायचा ना.’’

‘‘नाही, नाही. जमतंय,’’ चिंतामणराव म्हणाले. या एका वाक्याची किंमत त्यांनी शनिवारी मोजली.

सोसायटीच्या मांजरीला वाळू फार आवडली. तिने ती ताबडतोब आपल्या उपयोगात आणली. देवदत्त रोज दोनदा बादली तपासायला यायचा, आत डोकावायचा आणि नाकाला रुमाल लावून जायचा. पण ठरावाप्रमाणे बादली जागेवर होती.

आणि काम? काम खरोखर चांगलं चाललं होतं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. गुडघे टेकून, उताणे होऊन, चष्मा दोऱ्याने बांधून, त्यांनी केबल गालिच्याखालून नेली, दर वितीवर क्लिप लावली. वेल्डिंगची केबल महेंद्रने म्हटल्यासारखीच आज्ञाधारक होती. गुरुवारी संध्याकाळी पाच केबली, दहा टोकं, सगळं जागेवर आलं होतं, फक्त नट आवळायचे राहिले होते. चिंतामणराव लांब उभं राहून बघत होते, तेव्हा त्यांना वाटलं, हे सगळं सुरेख आहे; पण उद्या कुणी उघडलं तर त्याला कळणार कसं, कुठलं टोक कुठलं?

इथे ग्रंथपाल जागा झाला.

शुक्रवारी त्यांनी दहा गोल चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येकीवर काळ्या शाईने बारीक अक्षरात क्रमांक घातला: अ-१, अ-२, ब-१, ब-२. प्रत्येकीला मधोमध पंचिंग मशिनने भोक पाडलं, म्हणजे बोल्ट आरपार जाईल. चिठ्ठी थिंबलच्या कुठल्या बाजूला लावायची, यावर मात्र त्यांनी बराच विचार केला. बाहेरच्या बाजूला लावली तर पान्याने घासणार. चौतीस वर्षांचा अनुभव सांगत होता की पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची चिठ्ठी झिजते, म्हणून दाखल क्रमांक नेहमी आतल्या पानावर घालावा. तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या आतल्या, धातूला टेकणाऱ्या बाजूला डिंकाने चिकटवल्या. आणि बदलापूर-अंबरनाथची दमट हवा लक्षात घेऊन वर व्हार्निशचे दोन हात दिले. मग नट आवळले. इतकं नीटस काम आपल्या हातून झालं यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

शनिवारी सकाळी हिमानी आली, बॅग खाली ठेवून तडक पार्किंगमध्ये. डिकी उघडून तिने केबलवरून हात फिरवला. ‘‘बाबा, हे तुम्ही केलंत? काय सुंदर केलंय!’’

सोसायटी जमली होती. देवदत्त बादलीशेजारी उभा होता, मात्र वाऱ्याची दिशा बघून. नीलिमाताई गॅलरीत. कोंडाजी टँकरचा पाईप टाकीत सोडून येऊन उभा राहिला होता. हिमानीने किल्ली फिरवली.

टक्.

डॅशबोर्डवरचे दिवे लागले, इतकंच. तिने पुन्हा फिरवली. टक्. गाडी थंडगार होती. आजवर थंड असताना ती कधी अडली नव्हती; हा पराक्रम नव्या वायरिंगचा.

‘‘पेट्रोल आहे ना?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘लिंबू बदललंत का?’’

‘‘मी म्हटलं होतं,’’ गॅलरीतून आवाज आला.

धूर तरी यावा, असं चिंतामणरावांना वाटलं. धुरात माणसाला निदान दिसेनासं होता येतं. त्यांनी वही उघडली, पान सापडेना. ‘‘हिमानी, मी... कल्याणच्या माणसाला... माझ्यामुळे...’’

कोंडाजी पुढे आला. ‘‘काका, जरा हो बाजूला. ट्रॅक्टरचा पण असाच होतो. अर्थिंग बगतो.’’ त्याने पाना घेतला, डिकीतला एक नट सोडला, थिंबल उचललं आणि उलटं केलं. मग त्यावर अंगठा घासून बघितला.

‘‘ब-दोन,’’ त्याने वाचलं. ‘‘काका, ह्यो कागद कशाला घातलाव?’’

चिंतामणराव म्हणाले, ‘‘क्रमांक आहे. झिजू नये म्हणून आत लावला.’’

‘‘वर चकाकताय ता काय?’’

‘‘व्हार्निश.’’

कोंडाजीने थिंबल सगळ्यांना दिसेल असं धरलं. ‘‘दोन बैलांना जू बांधला, पन मधी भिंत घातली. करंट जाल कुठून? बोल्टाच्या कडेकडेनं जरासा जातो, त्याच्यावर दिवा लागतो. स्टार्टर नाय फिरायचा.’’ मग त्याने आशेने विचारलं, ‘‘एकालाच लावलाव ना?’’

‘‘दहाच्या दहा,’’ चिंतामणराव म्हणाले. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

आधी देवदत्त हसला. मग पहिला मजला, मग तळमजला. गॅलरीतल्या नीलिमाताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. चिंतामणराव जिन्याकडे वळले. त्यांना फक्त घरी जाऊन पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून बसायचं होतं.

‘‘बाबा, कुठे चाललात?’’ हिमानी हसत नव्हती. किंवा हसत होती, पण ओठ दाबून. ‘‘कोंडाजीदादा, पॉलिशपेपर आहे? बाबा, बसा. पाच तुम्ही, पाच मी.’’

दोघं पार्किंगच्या फरशीवर मांडी घालून बसले आणि व्हार्निश खरवडू लागले. व्हार्निश उत्तम प्रतीचं होतं. काही केल्या निघेना. ‘‘काम पक्कं असतं तुमचं,’’ हिमानी म्हणाली, आणि मग मात्र दोघंही इतके हसले की देवदत्त बादली घेऊन दोन पावलं मागे सरकला. बारा वाजता दहाही थिंबलं लखलखीत झाली, नट आवळले गेले, किल्ली फिरली, आणि दुसऱ्या मजल्यावरचे चमचे वाजले.

पण थंड गाडी सुरू होणं ही काही परीक्षा नव्हे. परीक्षा रविवारी होती.

रविवारी मैदानात पहिली फेरी झाली. लाल गाडी धुळीतून आली, बॉनेटवरची हवा उन्हात थरथरत होती. हिमानीने गाडी बंद केली. चिंतामणराव हेल्मेटसाठी हात पुढे करून उभे राहिले. तिने ते काढलं नाही. काचेतून त्यांच्याकडे बघितलं आणि किल्ली फिरवली.

एका झटक्यात गाडी सुरू झाली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तीनदा. शेजारचे ड्रायव्हर येऊन बघू लागले. हिमानीचा नंबर आला आणि ती दुसऱ्या फेरीला गेलीसुद्धा. ती आजवरच्या सर्वांत चांगल्या वेळेत आली, चौथी. दोघातिघांनी डिकी उघडून विचारलं, केबल कुणी टाकली? ‘‘माझ्या बाबांनी,’’ हिमानी म्हणाली. चिंतामणरावांनी लगेच प्रत्येकाला चिठ्ठ्यांची हकीकत पहिल्यापासून सांगितली. आपल्याला नसलेलं श्रेय मिळू नये म्हणून.

साडेनऊलाच सगळं आटोपलं. आसनाच्या झाडाखाली दुसरीच कुणी माणसं बसली होती. बापलेक गाडीत बसले आणि निघाले. चिंतामणराव मांडीवरच्या हेल्मेटचा पट्टा पुन्हा पुन्हा लावत-सोडत होते.

‘‘बाबा, काय झालं? आता नाही विकत मी. खूश ना?’’

‘‘हो, हो. फार.’’

‘‘मग?’’

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. अशा गोष्टी बोलायची त्यांना सवय नव्हती. ‘‘नाही, म्हणजे... ती बंद पडायची ना, मग आपण बसायचो. तो अर्धा तास. तो मीच घालवला, असं आत्ता लक्षात आलं. मूर्खपणा आहे. सोड.’’

हिमानीने गिअर बदलला. ‘‘काढून टाकायची का तुमची केबल?’’

चिंतामणरावांनी त्यावर खरंच विचार केला. ‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘क्लिपा फार आहेत.’’

हिमानी हसली. पुढे बदलापूरकडे वळायचा फाटा आला, आणि तिने तो सोडून गाडी सरळ पुढे, डोंगराच्या दिशेने घेतली. ‘‘आईला फोन लावा. सांगा, जेवायला उशीर होईल. आणि ऐका, पुण्याला काय गंमत झाली ते सांगायचंय तुम्हाला. ते आईला नाही सांगायचं.’’

त्यांनी फोन लावला. नीलिमाताईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

‘‘उशीर का?’’

चिंतामणराव गोंधळले. त्यांनी हिमानीकडे बघितलं. ती पुटपुटली, ‘‘सांगा, बंद पडली.’’

पाच दिवसांची मेहनत, दहा टोकं, मैदानातल्या चार माणसांनी केलेलं कौतुक, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

‘‘बंद पडली,’’ ते म्हणाले.

‘‘वाटलंच होतं मला!’’ नीलिमाताईंचा आवाज इतका तृप्त होता की क्षणभर त्यांना बरंच वाटलं. ‘‘मी आधीच सांगितलं होतं. बरं, या सावकाश. पण मग हा घुंऽऽ आवाज कसला येतोय?’’

गाडी ऐंशीच्या वेगाने चढ चढत होती. एका खोट्याची तयारी चिंतामणरावांनी कशीबशी केली होती, दुसऱ्याची नव्हती.

‘‘ढकलतायत,’’ ते म्हणाले. ‘‘बरीच माणसं आहेत.’’